चारशे एकावा हूक

सोमवारी दुपारी पावणेतीनला बँडमास्तरांचा लाल कोट पळून गेला.

म्हणजे कोट स्वतः पळाला नाही. आईच्या लाँड्रीतली साखळी पळाली. छताखालून वळसे घेत फिरणारी ही साखळी, तिला चारशे हूक, हुकांना धुतलेले कपडे. गिऱ्हाइकाने पावती दिली की आई नंबर दाबायची, साखळी फिरायची आणि नेमका तो कपडा काउंटरसमोर येऊन अदबीने उभा राहायचा. त्या दिवशी मात्र कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'अनपेक्षित चूक. पुन्हा सुरू करा' अशी पाटी आली आणि साखळीला थांब म्हणणारं कोणी उरलंच नाही. ती फिरतच राहिली. बँडमास्तर सोनेरी झालरींच्या त्या कोटामागे काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले, कोट भिंतीमागे गेला, ते परत पहिल्या टोकाला येऊन उभे राहिले, कोट पुन्हा आला, पुन्हा हातातून निसटला. तिसऱ्या फेरीला त्यांच्या हाती बाही लागली, पण ती कुठल्यातरी बाईंच्या ड्रेसची होती.

आईने शांतपणे भिंतीतला प्लग उपटला. गेला महिनाभर ती रोज दुपारी हेच करत होती.

संध्याकाळी ताई दुकानात आली तेव्हा आई म्हणाली, "तुझा प्रोग्रॅम पुन्हा झोपला."

"माझा प्रोग्रॅम नाही झोपला," ताई फणकारली, "त्याच्या खालची जमीन खचली. तुझ्या लेकाला विचार."

इथे घरची परिस्थिती सांगायला हवी, नाहीतर हे भांडण साधंसुधं वाटेल. साखळी चालवणारा प्रोग्रॅम ताईने लिहिला होता. तो ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचा, म्हणजे कॉम्प्युटरला मुळात कॉम्प्युटरपण देणारी जी सगळ्यात खालची व्यवस्था असते, ती बनवणाऱ्या कंपनीत तिचा धाकटा भाऊ नोकरीला होता. आता ज्या घरात एक जण छप्पर बांधतो आणि दुसरा पाया, तिथे भिंतीला तडा गेल्यावर जेवणाच्या टेबलावर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

धाकटा म्हणायचा, "नाचता येईना अंगण वाकडं! ऑपरेटिंग सिस्टीमवर जगातले लाखो प्रोग्रॅम चालतात. ते नाही पडत. तुझाच बरा पडतो?"

"आणि अंगण खरंच वाकडं असलं तर?"

"अंगण आम्ही रोज मोजतो, ताई. पट्टी लावून."

"पट्टीच वाकडी असेल तुमची!"

ताईचा मुद्दा बिनतोड होता. गेल्या महिन्यात ऑपरेटिंग सिस्टीमचं नवं अपडेट आलं आणि दुसऱ्या दिवसापासून क्रॅश सुरू झाले. धाकट्याचाही मुद्दा बिनतोड होता. त्याच आठवड्यात ताईने प्रोग्रॅममधलं हिरवं बटण निळं केलं होतं. निळ्या बटणाने साखळी कशी वेडी होईल, असं ताईने विचारलं, तर तो म्हणाला, "तेच तर तू मला सांगायचं." एकदा ती चिडून म्हणाली की दाखव मला तुझ्या अपडेटमध्ये काय लिहिलंय, तर त्याने कानावर हात ठेवले, कंपनीचा नियम. मग तो म्हणाला, बरं तुझा प्रोग्रॅम दाखव, तर तिने लॅपटॉप छातीशी धरला. तिच्याकडे नियम नव्हता, फक्त ताठा होता. पण ताठा नियमापेक्षा टिकाऊ असतो.

गंमत म्हणजे क्रॅश फक्त दुकानातच व्हायचा, तोही फक्त दुपारी. ताईने घरी पन्नास वेळा प्रोग्रॅम चालवला, एकदाही पडला नाही. धाकटा एक रविवार पूर्ण दुकानात बसून राहिला. त्या दिवशी कॉम्प्युटर एखाद्या आदर्श विद्यार्थ्यासारखा वागला. तो जाताना म्हणाला, "बघ! माझ्यासमोर नीट चालतो." जसं काही कॉम्प्युटर त्याला घाबरून होता.

एरवी हे भांडण वर्षभर चाललं असतं आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. पण ताईने सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडली होती. नोकरी सोडताना तिचे साहेब, जे वर्षातून एकदाच हसत आणि त्याचीही नोंद ठेवत, ते त्या दिवशी हसले आणि म्हणाले, "तुमची खुर्ची सहा महिने ठेवतो. येणारच आहात परत." ते सहा महिने या शनिवारी संपत होते. आणि याच शनिवारी दुपारी, शहराच्या पलीकडच्या भागात सात लाँड्र्या असलेल्या एक बाई साखळी आणि प्रोग्रॅम बघायला येणार होत्या. घरात त्यांचं नाव सातदुकानवाल्या. त्यांनी हो म्हटलं तर ताईचा धंदा उभा राहणार होता. नाही म्हटलं तर सोमवारी सकाळी नऊ वाजता ती खुर्ची, आणि खुर्चीसमोर ते हसू. खुर्चीचं ताईला काही नव्हतं, पण त्या हसण्याच्या नुसत्या कल्पनेने तिला जेवण जात नव्हतं.

मंगळवारी क्रॅश झाला. बुधवारी झाला. गुरुवारी तर एका गृहस्थांची पँट साखळीवरून सुटून थेट पंख्यावर गेली आणि तिथून काही केल्या उतरेना. ताईने चार हजार ओळींचा प्रोग्रॅम पहिल्यापासून शेवटपर्यंत तीन वेळा वाचला. सगळ्या ओळी शहाण्यासारख्या वागत होत्या. मग ती रडली, मग तिने धाकट्याला फोन करून नाही नाही ते ऐकवलं, आणि मग तिला जरा बरं वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी आईने दोघांना फर्मान काढलं. "उद्या दुपारी तीन वाजता दोघंही दुकानात. त्याच्या आधी नको, त्याच्यानंतर नको."

"आई, मला ऑफिस—" धाकटा म्हणाला.

"ऑफिसला सांग, आईचा कपडा खराब झालाय."

शुक्रवारी तीन वाजता ते पोचले तेव्हा त्या दिवसाचा क्रॅश नुकताच होऊन गेला होता. प्लग उपटलेला, साखळी मधेच थांबलेली. आईने काउंटरवर स्वच्छ पांढरी चादर पसरली होती आणि तिच्यावर कॉम्प्युटर ठेवला होता, डबा, पडदा, वायर सगळ्यासकट. हातात चिठ्ठी आणि पेन्सिल होती. ताईला आणि धाकट्याला ही बैठक लहानपणापासून ठाऊक होती.

आईच्या दुकानाचे नियम दोन. पहिला असा, की कपडा आला की तो गिऱ्हाइकासमोर पसरायचा, कुठे कुठे डाग आहेत ते बघायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं: डाग आधीचा. म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की तुम्हीच लावला. दुसरा नियम असा, की एका डागाला एकच हात. डागावर जो औषध लावेल त्याने चिठ्ठीवर आपलं अक्षर लिहायचं, आणि ते अक्षर दिसलं की दुसऱ्याने त्या डागाला हात लावायचा नाही.

दुसऱ्या नियमामागे एक कोट होता. फार पूर्वी एका न्यायाधीशांचा पांढरा कोट आला होता, बाहीवर शाईचा डाग. सकाळी बाबांनी त्यावर औषध लावलं. आईचे हात औषधाने सोलवटले होते, तिला त्रास नको म्हणून तिला सांगितलं नाही. दुपारी आईने त्याच डागावर दुसरं औषध लावलं. बाबांची कंबर दुखत होती, त्यांना वाकायला नको म्हणून त्यांना सांगितलं नाही. संध्याकाळी डाग गेला. बाहीही गेली. न्यायाधीशांनी कोट हातात धरून, बाहीच्या जागेतून दोघांकडे बघत विचारलं, "कोणी केलं हे?" आणि दोघं एकदम म्हणाले, "मी." बाबा जाऊन आता चार वर्षं झाली होती. चिठ्ठी अजून चालू होती.

"सांगा," आई म्हणाली. "आधीचे डाग सांगा."

"लिही," ताईने सुरुवात केली. "गेल्या महिन्यातलं याचं अपडेट."

"लिही," धाकटा म्हणाला. "निळं बटण."

"निळं बटण, निळं बटण! अरे, चोराच्या उलट्या बोंबा—"

आईने पेन्सिल काउंटरवर आपटली. "गिऱ्हाईक दुसऱ्याच्या कपड्याचे डाग दाखवतं का कधी? आपापले सांगा."

ताईने पंख्याकडे बघितलं, पँट अजून तिथेच होती. धाकट्याने चष्मा पुसायला घेतला. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथे तर दोन मुठी होत्या.

"बरं," आई म्हणाली. तिने चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तिचे कान लाल झाले होते. "मग माझ्यापासून सुरू करते. मी दुपारी झोपते."

ताईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. आई दुपारी झोपत नाही हे या घरात सूर्य पूर्वेला उगवतो त्याच्या जवळपासचं सत्य होतं. आईच ते रोज सांगायची. 'मी तुमच्यासारखी नाही हं, दुपारची आडवी होणारी.' या एका वाक्यावर तिने दोन मुलं वाढवली होती.

"झोपतेस?" धाकटा हळूच म्हणाला. "म्हणजे... रोज?"

"दोन ते अडीच. त्या कपाटामागे गादी आहे." आई खाली बघत बोलत होती. "नुसती पाठ टेकायची म्हणून जाते आणि लागतो डोळा. तू रविवारी बसला होतास तेव्हा नाही झोपले. डोळे ताणून बसले होते. आणि झोपायच्या आधी साखळी चारशेवर आणून ठेवते. शेवटचा हूक मी कायम रिकामा ठेवते ना, तोच काउंटरसमोर आला की बाहेरून कोणी हात घालून काही ओढायला नको. मी उठते, पहिलं गिऱ्हाईक येतं, नंबर दाबते, आणि हे असं होतं. वाटलं, याचा काय संबंध? माणूस झोपला म्हणून मशीन थोडंच पडतं?"

ताई मटकन स्टुलावर बसली. कारण आई झोपते म्हणजे अर्धा तास कोणी कॉम्प्युटरला हात लावत नाही. कोणी हात लावला नाही की कॉम्प्युटरही डुलकी काढतो. आणि कॉम्प्युटर डुलकीतून उठतो तेव्हा काय होतं, हे तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं.

"आई," ती म्हणाली, "माझाही एक डाग आहे."

त्याच क्षणी धाकटा म्हणाला, "आई, माझापण."

"एकेक बोला. तू मोठी."

ताईने सांगितलं. साखळीचा कुठला हूक समोर आहे, हे तिचा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतो. एरवी उत्तर बरोबर येतं. पण डुलकीतून उठल्यावरचं पहिलं उत्तर एकने कमी येतं. झोपमोड झालेल्या माणसाला तारीख विचारली की तो कालची सांगतो, तसं. "मला पहिल्याच आठवड्यात सापडलं. तो भाग कोणी लिहिलाय, तेही मला ठाऊक होतं." तिने धाकट्याकडे बघितलं नाही. "याची नोकरी तेव्हा कच्ची होती. तीन महिन्यांनी पक्की करायची की नाही ते ठरणार होतं. कंपनीला कळवलं असतं तर याच्याच नावावर गेलं असतं. म्हणून मी माझ्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. डुलकीनंतरच्या पहिल्या उत्तरात एक मिळव. संपलं. ताकास तूर लागू दिली नाही. आणि तू कधी झोपतच नाहीस म्हटल्यावर ती ओळ इथे कधी चालणारच नाही असं धरून चालले होते. वाचताना मी तिच्यावरून पुढे जायचे."

धाकट्याचा चष्मा पुसून पुसून पातळ झाला असावा.

"तुला माहीत होतं?" तो म्हणाला. "आणि तू सहा महिने मला नुसती... ताई, मला तर ती चूक नोकरी पक्की झाल्यावर सापडली! अंगाला घाम फुटला. ती सगळ्यांसाठी दुरुस्त करायची तर सहा जणांच्या सह्या लागतात. कारण एव्हाना जगातल्या कोणकोणत्या प्रोग्रॅमनी त्या चुकीची सवय लावून घेतली असेल, सांगता येत नाही. पण आमच्याकडे एक यादी असते. सांभाळून घ्यायच्या प्रोग्रॅमांची. त्यात तुझ्या प्रोग्रॅमचं नाव घातलं. गेल्या महिन्यातलं अपडेट ते तेच. हा प्रोग्रॅम विचारेल तेव्हा डुलकीनंतरच्या उत्तरात एक मिळवून दे."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"कसं सांगणार? रोज म्हणत होतो अंगण सरळ आहे, पट्टी लावून मोजलंय."

आई चिठ्ठीवर हिशेब मांडत होती. "साखळी चारशेवर. हा कॉम्प्युटर झोपेतून उठतो, म्हणतो तीनशे नव्व्याण्णव. याने एक मिळवला, चारशे झाले. हिने एक मिळवला." तिने वर बघितलं. "चारशे एक."

तिघांनीही साखळीकडे बघितलं. चारशे एकावा हूक तिथे नव्हता. कधीच नव्हता. प्रोग्रॅम बिचारा महिनाभर रोज दुपारी नसलेला हूक शोधायला जात होता आणि परत येत नव्हता.

"चारशेनंतर पुन्हा एक येतो, हे त्या ओळीत लिहायचं मी विसरले," ताई पुटपुटली. "नाहीतर निदान पडला नसता."

"चूक मुळात माझी," धाकटा म्हणाला.

"बाही गेली तुमची," आई म्हणाली. तिने पदराने की रुमालाने, कशाने तरी नाक पुसलं. "अगदी बापावर गेलात दोघं. आता एकच हात ठेवा. कोणाचा, ते तुम्ही ठरवा. आणि काढणाऱ्याने चिठ्ठी लिहायची."

वाचकाला वाटेल, संपलं. पण ज्यांना महिनाभर चूक दुसऱ्याची म्हणून भांडायची सवय लागली आहे, ते चूक माझी म्हणूनही तितक्याच जोरात भांडू शकतात. ताई म्हणाली, तुझी दुरुस्ती राहू दे, ती मुळाशी आहे. तो म्हणाला, तुझी ओळ राहू दे, ती आधीची आहे. ती म्हणाली, शहाणपणा करू नकोस. तो म्हणाला, मोठेपणा करू नकोस. एका गिऱ्हाइकाने पावती पुढे केली, तर दोघांनीही तिला हात लावला नाही. शेवटी आईने दिवे बंद केले आणि दोघांना बाहेर काढलं.

शनिवारी सकाळी सात वाजता ताई आपल्या किल्लीने दुकानात आली. तिने ठरवलं होतं. या पोराने घाबरत घाबरत का होईना, मोठ्या कंपनीच्या यादीत आपल्या बहिणीचं नाव घातलं होतं. ते काढायला लावायचं तिच्या जिवावर आलं. तिने आपली ओळ काढली. मग नियमाप्रमाणे चिठ्ठी लिहिली आणि पडद्याच्या मागच्या बाजूला, जिथे तिच्या वायरी होत्या, तिथे चिकटवली. भावाला एक फोन केला असता तर ही गोष्ट इथेच आटोपली असती. पण तिला त्याच्याशी पुन्हा वाद घालायचा नव्हता.

नऊ वाजता ती चांगले कपडे घालून परत आली तेव्हा धाकटा काउंटरखालून, डब्याच्या बाजूने, रांगत बाहेर येत होता. गुडघ्यांना धूळ लागली होती.

"काय करतोयस?"

"काही नाही. वायर नीट लावली," तो म्हणाला आणि फार प्रेमाने हसला.

चिठ्ठ्यांचा गठ्ठा उघडलेला बघून आईही खूश होती. दुपारी दोन वाजता तिने जाहीरपणे, आयुष्यात पहिल्यांदा, सांगितलं, "मी आता झोपते." साखळी चारशेवर आणली आणि डोकं ताठ ठेवून कपाटामागे गेली.

सातदुकानवाल्या पावणेतीनला आल्या. ठेंगणी बाई, आवाज मात्र सातही दुकानांत एकदम ऐकू जाईल असा. त्यांच्यामागून बँडमास्तरही आत आले. त्यांचा कोट पुन्हा धुवायला आला होता, तो न्यायला. बाईंनी पर्समधून एक पावती काढली. "परवा मी माझा राखाडी कोट इथे टाकला होता, ड्रायव्हरच्या हाती. तुम्हाला न सांगता. विकणारा दाखवतो ते मी बघत नाही, गिऱ्हाइकाला मिळतं ते बघते. नंबर दोनशे अडतीस."

आई ताजी होऊन उठली होती. तिने नंबर दाबला. पडदा जागा झाला. पाटी आली नाही. साखळी डौलात फिरली, वळली आणि थांबली. वेळेवर, गुपचूप, काउंटरच्या बरोबर मध्ये. ताईने श्वास सोडला.

बाईंच्या नाकासमोर सोनेरी झालरींचा लाल कोट लटकत होता.

"हा माझा नाही," बाई म्हणाल्या.

"माझा आहे!" बँडमास्तर ओरडले आणि यावेळी त्यांनी तो दोन्ही हातांनी गच्च धरला. "हा मी सोडणार नाही."

राखाडी कोट शेजारच्याच हुकावर होता. एक हूक मागे. आईने नुसता हात लांबवून तो काढला आणि बाईंना दिला, पण बघायचं ते बघून झालं होतं. ताईच्या डोळ्यांसमोर खुर्ची आली, खुर्चीमागे साहेब आले, आणि साहेब हसले.

"हे कोणामुळे झालं?" बाईंनी विचारलं. "मला एवढंच सांगा. प्रोग्रॅममुळे की त्याच्या खालच्या त्या तुमच्या सिस्टीममुळे?"

ताईला सगळं उमगलं. भावाच्या गुडघ्यांची धूळ उमगली. एका शब्दात सुटता येत होतं: सिस्टीम. आणि ते खरंही होतं, कंपनी दूर होती, बाईंना काही कळलं नसतं.

"माझ्यामुळे," ती म्हणाली.

"माझ्यामुळे," काउंटरच्या दुसऱ्या टोकाकडून धाकटा म्हणाला.

आई एव्हाना चष्मा लावून कॉम्प्युटरभोवती फिरत होती. पडद्यामागची चिठ्ठी तिने काढली, काउंटरखाली वाकून डब्यावरची काढली, आणि दिव्याखाली धरून मोठ्याने वाचल्या.

"'डाग माझा. माझी ओळ काढली. त्याचा हात राहू दे, त्याने भीत भीत केलंय. ताई.'" तिने दुसरी उघडली. "'डाग माझा. या कॉम्प्युटरवरच्या यादीतून ताईचं नाव काढलं. तिची ओळ राहू दे. ती माझ्यासाठी होती, मला माहीतच नव्हतं.'"

धाकटा जमिनीकडे बघत होता. ताईला त्याच्या पाठीत एक धपका घालावासा वाटला आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. काउंटर मध्ये असल्याने दोन्ही राहिलं.

"आई, तू लिहायला सांगितलं होतंस," ती शेवटी म्हणाली. "आम्ही लिहिलं."

"आणि वाचायचं कोणी, मूर्खांनो?"

सातदुकानवाल्या राखाडी कोटाची बाही तपासत उभ्या होत्या. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, कॉलर बघितली. "माझ्याकडे सात दुकानं," त्या म्हणाल्या. "मशीन बंद पडलं की मशीनवाला म्हणतो प्रोग्रॅमवाल्याला विचारा. तो म्हणतो सिस्टीमवाल्याला विचारा. तो म्हणतो वीजवाल्याला विचारा. वीजवाला फोन उचलत नाही. वीस वर्षांत एका चुकीला दोन मालक मिळालेले मी आज बघितले." त्यांनी कोट हातावर टाकला. "सोमवारी सकाळी नऊला माझ्या पहिल्या दुकानात या. त्याच्या आधी तुमच्यातल्या एकाने, फक्त एकाने, तो एका हुकाचा फरक मिटवून टाका. आणि या चिठ्ठ्यांची सोय प्रोग्रॅममध्ये घाला. आधीची वाचल्याशिवाय पुढची लिहिता येणार नाही, अशी."

सोमवारी सकाळी नऊ. ताईने मनातल्या मनात त्या खुर्चीला आणि त्या हसण्याला हात जोडले, आणि तोंडाने फक्त "हो" म्हणाली.

दारापाशी बाई थांबल्या. "ती कपाटामागची गादी दिसली हं," त्यांनी आईला हळू आवाजात, म्हणजे चौकात ऐकू जाईल इतपत, विचारलं, "लागते का हो झोप? इतक्या आवाजात?"

"झोपत नाही मी," आई सवयीने म्हणाली. मग तिला स्वतःचंच हसू आलं. "झोपते. गाढ."

बाई गेल्यावर धाकटा म्हणाला, "तरी ताई, तत्त्व म्हणून सांगतो, महिनाभर जो पडत होता तो प्रोग्रॅमच पडत होता. सिस्टीम एकदाही पडली नाही."

"अंगण वाकडं होतं!"

"नाचणारीने चारशेनंतर एक लिहिलं नव्हतं!"

आईने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने दोघांच्या चिठ्ठ्या एकाखाली एक टाचल्या, खाली आपली तिसरी जोडली, आणि साखळी चारशेवर आणून त्या रिकाम्या हुकावर टांगल्या. बँडमास्तर अजून कोट कवटाळून उभेच होते. त्यांनी मान वर करून तिसरी चिठ्ठी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी वाचली: "डाग माझा. मी दुपारी झोपते."

"हळू वाचा," आई म्हणाली आणि पंख्यावरची पँट काढायला काठी शोधू लागली.